रात्रपाळीवरचे दात

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या पुण्याच्या घरी कुरिअरने एक पांढरेशुभ्र खोके आले, आणि नोकरीनिमित्त आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने ते जेवणाच्या टेबलावर ज्या हलक्या हाताने उघडले, त्यावरून आत एखादा दागिना असावा असा आमच्या सौभाग्यवतींचा समज झाला. निघाली ती सोळा पाकिटे. प्रत्येकावर क्रमांक, आणि प्रत्येकात पारदर्शक प्लास्टिकचे दोन साचे, एक वरच्या दातांचा व एक खालच्या दातांचा, नखासारखे पातळ आणि उजेडासमोर धरले तरच नजरेत भरावेत असे. भाचीचा उजवा वरचा सुळा रांग सोडून पुढे आलेला आहे आणि खालचे पटाशीचे दोन दात एकमेकांच्या अंगावर रेललेले आहेत. शाळेत असताना तार लावायचे ठरले होते, पण त्याच वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते राहूनच गेले. "हे फक्त रात्री घालायचं, मामा," ती म्हणाली. "दिवसा कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. झोपेत काम होऊन जातं."

भूमापन खात्यात ३४ वर्षे काढलेल्या माणसाला हे शेवटचे वाक्य सहजासहजी पचत नाही. हद्दीचा दगड रात्री कोणी पाहत नसताना सरकतो, हे आम्ही मोजणीवाले पुरते जाणून असतो. पण तो सरकवणारा इसम त्या रात्री झोपलेला नसतो, हेही आम्हाला ठाऊक असते. तेव्हा दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात आयुष्यभर अध्यापन करून माझ्याप्रमाणेच निवृत्त झालेल्या एका शाळासोबत्याला मी गाठले, त्याच्याकडे तीन-चार संध्याकाळी घालवल्या, त्याने दिलेली पुस्तके चाळली, आणि दात सरळ करण्याविषयी आपण शिकलीसवरलेली माणसेही किती ऐकीव गोष्टींवर विसंबतो याचा मला चांगलाच प्रत्यय आला.

या साच्यांना अलायनर म्हणतात. मूळ पद्धतीत ते दिवसाचे २० ते २२ तास, म्हणजे खाणेपिणे आणि दात घासणे एवढे वगळून सर्वकाळ, तोंडात ठेवायचे असतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढच्या क्रमांकाचा साचा घ्यायचा असतो. एकेक साचा एखाद्या दाताला फार तर पाव मिलिमीटर हलवण्याच्या अंदाजाने घडवलेला असतो. रात्रीच्या अलायनरची कल्पना याच मुळातून फुटलेली आहे: साचे त्याच जातीचे, मात्र घालायचे ते रात्री सलग सुमारे १० तास. येथे सामान्य माणूस शाळेत घोकलेले त्रैराशिक मांडतो. रोज २२ तास घातल्याने जे काम ६ महिन्यांत होते, ते रोज १० तास घातल्याने किती महिन्यांत होईल? उत्तर तेरा महिन्यांच्या थोडे पुढे येते, आणि दिवसभर मोकळ्या तोंडाने हिंडता येणार असेल तर एवढी मुदत कोणालाही परवडण्याजोगी वाटते. त्रैराशिकात चूक नसते. पण दातांचे गणित त्रैराशिकाचे नव्हेच, ते हौद आणि तोट्यांचे आहे. एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, आणि दोन्ही चालू असताना हौद कधी भरेल, भरेल तरी की नाही, हे केवळ पहिल्या तोटीकडे पाहून सांगता येत नाही.

हे कसे, ते समजण्यासाठी दात हाडात कसा बसलेला असतो हे पाहावे लागते. भिंतीत खुंटी ठोकावी तसा तो जबड्यात ठोकलेला असतो, आणि साचा त्याला रेटून बाजूला सारतो, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. वस्तुतः दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक वेष्टन असते, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे वहीच्या दोन पानांइतकी भरते. या तंतूंच्या झोळीत दात टांगल्यासारखा राहतो; तिच्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, द्रव आहे, आणि घासात खडा आला की चटकन कळ जाते ती या झोळीमुळेच. दातावर दाब आला की पहिल्या काही सेकंदांत एका अंगचा द्रव पिळला जातो, काही मिनिटांत रक्तप्रवाह बदलतो, आणि दाब तसाच राहिला तर सुमारे ४ तासांनी पेशींमध्ये रासायनिक हालचाल दिसू लागते. हाड पोखरणाऱ्या आणि हाड रचणाऱ्या पेशी प्रत्यक्ष कामाला लागायला मात्र सुमारे २ दिवस जातात. मग ज्या बाजूला दाब आहे तेथील हाड झिजवले जाते, ज्या बाजूला ताण आहे तेथे नवे हाड भरले जाते, आणि दात आपल्या खोबणीसह जागा बदलतो. सारांश, प्लास्टिकचा साचा केवळ फर्मान काढतो. ते अमलात आणणारे मजूर शरीराचे असतात, आणि त्यांना हजर करायला वेळ लागतो.

मग दाब वाढवला तर मजूर लवकर येतील, हा या मागोमाग येणारा समज. पण घडते ते उलटे. दाब बेताचा असला तर रक्तवाहिन्या वाहत्या राहतात आणि काम लगेच सुरू होते. तो अतिरेकी झाला तर त्या चेंगरून बंद पडतात, तेवढ्या भागातील पेशी मरतात, आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना पलीकडच्या अंगाने, हाडाच्या पोटातून, वाट काढत यावे लागते. त्यात आठवडा-दोन आठवडे दात जागच्या जागी अडून राहतो. या घडामोडींचा सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम अभ्यास केला तो कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश संशोधकाने, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, कुत्र्यांच्या दातांवर. आणि तेव्हापासून या शास्त्रातील जाणत्यांचा कल सौम्य पण अखंड दाबाकडे राहिला आहे.

दात जोर मोजत नाही, मुदत मोजतो, हा माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. सुपारीचे खांड फोडताना दाढेवर जो भार येतो तो कित्येक किलोंचा असतो, तरी जन्मभर पानसुपारी खाणाऱ्याची दाढ त्यामुळे जागा सोडत नाही, कारण तो भार सेकंदभरही टिकत नाही. उलट ओठांचा आणि जिभेचा विसाव्याच्या स्थितीतला दाब अगदी थोड्या ग्रॅमांचा, पण तो अहोरात्र असल्यामुळे दातांची रांग कोठे उभी राहावी हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. अंगठा चोखणाऱ्या दोन मुलांपैकी एक दिवसातून घटकाभर मोठ्या तन्मयतेने चोखते आणि दुसरे रात्रभर अंगठा नुसता तोंडात धरून झोपते, तर दात पुढे येण्याचा धोका दुसऱ्याला अधिक. माणसाच्या दाताला हलण्यासाठी दिवसाकाठी सलग किती वेळ दाब लागतो, याचा अंदाज ४ ते ८ तासांच्या दरम्यान, ढोबळमानाने ६ तासांचा, केला जातो. त्याखाली सारे व्यर्थ. दुधाचा दात पडण्याआधीच मागून पक्का दात डोकावला, तर दुधाचा काढावा आणि नव्याला रोज बोटाने पुढे दाबावे, असा उपाय सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवला आहे. माझी आजीही अगदी हेच सांगत असे, आणि दोघांनाही यश येत असे, त्याचे श्रेय बोटापेक्षा उगवत्या दाताला आणि त्याच्यामागे अखंड उभ्या असलेल्या जिभेलाच अधिक द्यावे लागेल.

आता अंगठ्याच्या उदाहरणावरूनच वाचकाच्या मनात येईल, की रात्रभर तोंडात राहिलेला अंगठा जर दात हलवतो, तर रात्रभर राहिलेला साचा का हलवणार नाही? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे: हलवतो. रात्रीचे अलायनर म्हणजे निव्वळ फसवणूक, असे म्हणणाऱ्यांचाही तो एक गैरसमजच आहे. किंचित फटी, थोडीशी दाटी, पूर्वी तार लावून सरळ केलेल्या दातांनी मागाहून घेतलेले एखादे वळण, एवढ्यापुरते रात्रीचे काम उपयोगी पडू शकते. पण सकाळी साचा काढला की ओठ, जीभ आणि ताणलेले तंतू यांची दुसरी तोटी सुरू होते. रात्री पुढे गेलेला दात दिवसा थोडा मागे येतो, रात्री पुन्हा पुढे ढकलला जातो, आणि या ये-जा करण्यात जी निव्वळ प्रगती उरते ती फार संथ असते. शिवाय साचा धरतो तो दाताचा वरचा भाग, मूळ नव्हे. त्यामुळे अशा तुटक दाबाने दात कलतो, पण मुळासकट उभाच्या उभा सरकणे, गोल दात फिरणे, वरच्या-खालच्या दाढांची बैठक बदलणे, ही कामे बव्हंशी त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. माझ्या मित्राने आपल्या टेबलावर पाणी पिण्याचा पेला किंचित कलता करून दाखवला, मग तोच पेला उभा ठेवून सरकवला, आणि म्हणाला, "आरशात दोन्ही सारखंच दिसतं. एक्स-रेमध्ये नाही."

आणि ते १० तास तरी खरोखर मिळतात कोठे? 'झोपेत' हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. आमच्या भाचीची बस हिंजवडीहून सुटून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ होतात. जेवण साडेनऊला, त्यानंतर दात घासून साचे बसवायचे ते दहाला. सकाळी साडेसहाला चहा. म्हणजे शिस्तीने वागले तरी साडेआठ तास. त्यात एखाद्या दिवशी रात्री मैत्रिणीचा फोन आला आणि बोलण्यात बोबडेपणा नको म्हणून साचे अर्धा तास काढून ठेवले, शनिवारी सिनेमाहून येताना आइस्क्रीम झाले, की हजेरीपट पाहता पाहता ६ तासांच्या हद्दीजवळ येतो. सलग १० तास भरवायचे तर संध्याकाळी साडेआठला तोंड बंद करून बसावे लागेल, आणि महाराष्ट्रातील नोकरदार कुटुंबात ते कितपत साधेल याचा निर्णय मी वाचकांवरच सोपवतो.

रात्रीच्या उपायावर लोकांचा इतका विश्वास का बसतो, याचा शोध घेताना एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. दंतवैद्यकात रात्री तोंडात घालावयाच्या वस्तू खरोखरच आहेत, आणि त्या उत्तम काम देतात. फक्त त्यांचे काम निराळे आहे. दात सरळ झाल्यावर ते जागेवर राहावेत म्हणून द्यावयाचा रिटेनर पुढे पुढे केवळ रात्री घातला तरी चालतो, कारण त्याला बांधकाम करायचे नसते, राखण करायची असते. गवंड्याला दिवसभर राबावे लागते, रामोशी रात्रीचा आला तरी भागते. झोपेत दात खाणाऱ्यांना देतात ती नाइटगार्डची कवटी दातांची झीज वाचवते, त्यांना हलवण्याचा तिचा उद्देशच नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांच्या जबड्यासाठी असलेली साधने. त्यांतील काही संध्याकाळपासून सकाळपर्यंत १२ ते १४ तास घातली तरी पुरतात, कारण वाढीचे संप्रेरक रात्री अधिक स्रवते आणि जबड्याची वाढ चालू असते. पंचविशी ओलांडलेल्या माणसाच्या जबड्याला ही सवलत उपलब्ध नाही. या तिघांची पुण्याई रात्रीच्या अलायनरच्या खात्यावर परस्पर जमा झालेली आहे.

इतिहासही या घोटाळ्याला थोडा जबाबदार आहे. १९४५ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या हॅरॉल्ड केस्लिंग यांनी रबराचे एक साधन मांडले. रुग्णाच्या दातांचा ठसा घ्यायचा, त्यातले दात कापून मेणात हव्या त्या जागी नीट रचायचे, आणि त्या आदर्श रांगेवरून रबराचा साचा ओतायचा. तार काढल्यावर उरलेसुरले दोष त्याने निघत. हा साचा रात्रभर आणि शिवाय दिवसा काही तास घालावयाचा असे, हे महत्त्वाचे. अशा साच्यांची मालिका केली तर मोठे बदलही घडवता येतील, असे केस्लिंग यांनी तेव्हाच म्हणून ठेवले होते. ते प्रत्यक्षात यायला संगणक यावा लागला: १९९७ साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, आणि तिच्या इन्व्हिझलाइनमुळे अलायनर जगभर गेला. दोघांपैकी कोणीही दंतवैद्य नव्हते. चिश्तींना म्हणे ही कल्पना स्वतःच्या रिटेनरवरून सुचली. तो काही दिवस घातला नाही की दात हलत, आणि पुन्हा घातला की तोच त्यांना परत जागेवर आणी. म्हणजे हौदाच्या दोन्ही तोट्या त्या गृहस्थांनी स्वतःच्या तोंडात अनुभवल्या होत्या.

पुढची पायरी दवाखानाच वगळण्याची होती. घरीच लुकण तोंडात धरून ठसा घ्यावा, पोस्टाने पाठवावा, आणि साचे घरपोच यावेत, या पद्धतीने अमेरिकेत प्रचंड विस्तार केलेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१४ साली निघाली, रात्रीचे अलायनरही तिने विकले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून डिसेंबरात ती बंद पडली. तिच्या अनेक ग्राहकांचे दात त्या वेळी अर्ध्या वाटेवर होते. बाइट या नावाने असाच व्यवहार करणाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या व्यवसायानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आपली विक्री थांबवली. दुकान बुडाले म्हणून माल खोटा ठरत नाही, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप निराळा आहे. दाताचा ठसा म्हणजे जमिनीचे कुंपण, सातबारा नव्हे. मुळे कोठे वळली आहेत, हिरड्यांखालचे हाड किती उरले आहे, जबड्यात एखादा दात आडवा पुरलेला आहे काय, हे एक्स-रेशिवाय आणि हिरडी चाचपल्याशिवाय कळत नाही. हिरड्यांचा विकार चालू असताना दात हलवला तर हाड झिजते आणि भरत मात्र नाही. मग सरळ पण हलणारे दात पदरी पडतात. कुंपण पाहून शेत घेणारे पुष्कळ भेटले आम्हाला, आणि त्यांचे कज्जे वर्षानुवर्षे चालले.

किरकोळ समजुतींचा निकाल लवकर लावता येतो. दिसत नाही म्हणून दुखत नाही असे नसते. नवा साचा बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस पोळीचा कडक पापुद्राही नकोसा होतो, आणि रात्रीपुरता घालणाऱ्याला ही पहिली कळ थोड्याफार प्रमाणात रोज रात्री नव्याने सोसावी लागते. साच्यावर थरथरणारे यंत्र दाबले की दात वेगाने सरकतात, ही जाहिरात काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत टिकलेली नाही. वय झाले म्हणून दात हलत नाहीत, हेही खरे नव्हे. हाड आणि हिरड्या निरोगी असतील तर पन्नाशीतही हलतात. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढच्या दातांची दाटी होते, या सार्वत्रिक श्रद्धेला पुरेसा आधार मिळालेला नाही. खालचे पुढचे दात वयोमानाप्रमाणे अक्कलदाढ काढलेल्यांचेही दाटतात, आणि हे लिहिण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून मी त्याची खातरजमा करून घेतली आहे. एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. झोपेत लाळ जवळजवळ आटते, आणि लाळ हे दातांचे नैसर्गिक पाणी. निजताना गूळ घातलेले हळदीचे दूध पिऊन तसाच साचा चढवला, तर गोडाचा थर रात्रभर दाताला चिकटून राहतो आणि साच्याला पिवळी झाक येते ती निराळीच. रात्रीच्या साच्याला रात्रीची स्वच्छता हवी.

आमच्या घरची हकीकत सांगायची तर, चौथ्या पाकिटापर्यंत सारे सुरळीत चालल्यासारखे दिसत होते. पाचवा साचा मात्र बसेना. आधीचे साचे बोटाने दाबले की 'टक' असा आवाज येऊन चपखल बसत. हा सुळ्यापाशी अडे, आणि दाताचे टोक व प्लास्टिक यांच्यामध्ये चंद्रकोरीएवढी पोकळी राही. कंपनीचा निरोप आला, की हाच आणखी एक आठवडा घालावा. आठवडा झाला, मग दुसरा झाला, कोर तशीच. शेवटी माझ्या मित्राच्या विद्यार्थिनीकडे तिला नेले. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये पदवीनंतर आणखी ३ वर्षे घालवलेल्या त्या बाईंनी आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, खालच्या दातांमागचे किटण महिनाभरात दोन वेळा खरवडून हिरड्या ताळ्यावर आणल्या, आणि मग नवे मोजमाप केले. सुळ्यावर दाताच्याच रंगाचे दोन बारीक उंचवटे चिकटवले, जेणेकरून साच्याला पकड मिळावी. दाटी सुटावी म्हणून खालच्या दातांच्या कडा मिलिमीटरच्या अंशाने घासल्या. आणि रोज २२ तासांची ताकीद दिली. भाची काही दिवस हिरमुसली होती. ऑफिसात कोणाच्या लक्षातही आले नाही, हे कळल्यावर सावरली.

यंदा ऋषिपंचमीच्या पंगतीला तिने साचे काढून कागदी रुमालात गुंडाळले, ताटाशेजारी ठेवले, आणि तिसऱ्या उकडीच्या मोदकानंतर ती पाणी आणायला उठली असताना आवराआवर करणाऱ्या कोणीतरी ताटासह रुमालही उचलला. पाऊण तासाने शोध सुरू झाला. केळीची पाने आणि नारळाच्या शेंड्या उपसून चौदाव्या क्रमांकाची ती जोडी आमच्या धाकट्या नातवाने मोरीजवळच्या पिशवीतून विजयी मुद्रेने वर काढली. सौभाग्यवती ती उकळत्या पाण्यात टाकायला निघाल्या, तशी भाची किंचाळलीच. गरम पाण्याने साचा वाकडा होतो. मग नळाच्या गार पाण्याखाली ब्रशने घासघासून, दोनदा वास घेऊन, तिने ती पुन्हा तोंडात बसवली. टक असा आवाज आला.